घरघर

ओविदिओ मान्सिया रेडिओ घेऊन आला
समोरच्या बेटावरून, सकाळच्या होडीने,
घोंगडीत गुंडाळून, तान्हं पोर आणावं तसा.
म्हणाला, "घरघरतोय.
बातम्या नाही कळल्या तरी चालतं एक वेळ,
निरोप कळत नाहीत."

आमच्या चिलोएत निरोप अजून रेडिओवरून जातात.
अमक्याचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं,
तमक्याने गुरुवारी धक्क्यावर घोडा पाठवावा.
घरघरीत गुरुवारचा शुक्रवार झाला
की माणूस सामान घेऊन धक्क्यावर ताटकळतो,
घोडा तिकडे गवत खातो.

मागचं झाकण काढलं. धूळ, उंदराच्या लेंड्या,
आणि ॲल्युमिनियमचा एक डबा, अंगठ्याहून थोडा जाड,
बुडाशी फुगलेला.
आधी त्याच्या दोन पायांवर रोधक टेकवला,
वीस अंक मोजले.
प्लग काढला म्हणून तो रिता होत नसतो.
उस्ताद बाअमोंदेने हे मला सांगून शिकवलं नाही,
स्वतःचं काळं पडलेलं नख दाखवलं फक्त.

कपॅसिटर म्हणजे तसं फार काही नसतं.
दोन पत्रे, मध्ये ओला कागद.
जवळ आणायचे, टेकू द्यायचे नाहीत.
भिंतीतली वीज उलटसुलट लाटांची,
तिला एका दिशेला वळवली तरी
सेकंदाला शंभर वेळा उसळते, शंभर वेळा खचते.
उसळली की हा भरून घेतो,
खचली की अडीनडीला काढून देतो.
पलीकडच्या व्हॉल्व्हना वाटतं, पाणी सपाटच आहे.
पण वर्षं जातात, कागद वाळतो,
साठवण आटते,
आणि मग प्रत्येक खळगा आवाजात ऐकू येतो.

नवा घातला. सत्तेचाळीस मायक्रोफॅरड.
रेडिओ इतका स्वच्छ झाला
की निवेदिका दोन निरोपांमध्ये श्वास घेते तेही ऐकू आलं.
ओविदिओने पैसे मोजले,
वर पिशवीभर जांभळे बटाटे ठेवले.

नवव्या दिवशी परत. घोंगडी तीच.
मी विचारलं, बिघडला?
"नाही."
टोपी काढली, पुन्हा घातली.
"ओतिलिया गेल्यापासून रात्री चालूच ठेवायचो,
केंद्र बंद झाल्यावरसुद्धा.
खोलीत काहीतरी घरघरत असायचं.
आता केंद्र बंद झालं, की
बंदच होतं."

जुना परत घाल म्हणाला. मी नाही म्हटलं.
तो गळका झाला होता, ट्रान्सफॉर्मर जाळला असता त्याने,
आणि त्यांची घरं लाकडाची.
ओविदिओ मान हलवत राहिला,
पटल्यासारखा नाही, ऐकल्यासारखा.

खण उघडला. स्क्रू, फ्यूज, कुणाचा तरी चष्मा,
तळाशी दहा मायक्रोफॅरडचा एक, कोरा.
सत्तेचाळिसाच्या जागी दहा!
उस्ताद असता तर हातावर फटका बसला असता.
घरघर ठेवणं म्हणजे सुताराने
खुर्चीत खिळा वर ठेवणं, म्हणायचा तो.
पण त्याच्या घरात सात माणसं होती.

अधिकला अधिक, उण्याला उणं.
डाग दिला. फुंकर मारली.
जाळीच्या कापडाला कान लावला.
गुरुवार गुरुवारच ऐकू येत होता.
त्याच्या खाली, बरंच खाली,
चुलीमागे मांजर झोपल्यासारखं काहीतरी.
"एवढं पुरेल?"
तो काही बोलला नाही.
आवाजाचं बटण शून्यावर नेलं त्याने, आणि ऐकत राहिला.
होडीचा भोंगा झाला, तरी.

पैसे घेतले नाहीत. पावती मात्र फाडावी लागते.
दुरुस्ती लिहू की बिघाड,
पेन्सिल बराच वेळ कागदावर तशीच.
मग लिहिलं:
कपॅसिटर बदलला. एक.