आठ नंबरच्या ट्रामची वाळू

व्लास्ता ओस्त्रावात ट्राम चालवते, आठ नंबरची.
पहाटे चार चाळीसला डेपोतून निघते.
डब्याच्या सीटखाली वाळूची पेटी असते.
रुळांवर दव गोठलं की पायाखालचं बटण दाबायचं.
चाकांपुढे मूठभर वाळू सांडते
आणि घसरत निघालेली एवढी थोरली गाडी
शहाण्यासारखी थांबते.

म्हणून तिला वाटलं होतं,
वाळूतलं आपल्याला कळतं.

चौथ्या मजल्यावरचे आलोइस वृद्धाश्रमात गेले
त्या दिवशी लिफ्ट बंद होती.
काचेची टाकी तिनेच उतरवली, पायरी पायरी मोजत.
बादलीत पाच मासे. पिशवीत खडी,
निळी, लाल, मधूनच एखादी चुकार पिवळी,
जत्रेतल्या लिमलेटच्या गोळ्यांसारखी.
"रविवारी पाइप लावायचा," ते म्हणाले,
"घाण खडीच्या पोटात जाते, वर काही दिसत नाही.
पाहुणे आले तरी टाकी स्वच्छ."

मासे तळाचे. मिशांनी चाचपत जगणारे.
तिने भिंग लावून पाहिलं, तर मिशा कुठे होत्या?
झिजलेल्या झाडूचे बुडखे उरतात
तसे ओठांशी चार-दोन खुंट.
सहा वर्षं त्या रंगीत दगडांत
तोंड खुपसून जेवले होते बिचारे.
आलोइस वाईट नव्हते.
त्यांना जवळचं दिसत नव्हतं, इतकंच.

दुकानात हावरानने खांदे उडवले.
"वाळू घातलीस तर घाण वरच राहील, रोज दिसेल.
दाबून बसली तर खाली वायू धरते, काळी पडते,
विणायच्या सुईने टोचत राहावं लागतं.
खडी ठेवलीस तर सुख तुला.
काय ते ठरव, मी सहाला बंद करतो."

डेपोत वाळू फुकट.
कोरडी, चाळलेली, डबाभर उचलली तरी कोण विचारतंय?
घरी आणून तिने चिमूटभर कागदावर पसरली,
तेच भिंग, तोच टेबलदिवा:
प्रत्येक कण म्हणजे फुटक्या बाटलीचा तुकडा.
पकड घेण्यासाठीच तर ती निवडलेली!
जी मला उतारावर वाचवते
तीच यांचे ओठ सोलून काढील.
तिने डबा झाकला.
सकाळी परत नेऊन पेटीत ओतला.

मग विकतची घेतली, नदीतली,
कडा जाऊन गोल झालेली, पिठीसाखरेच्या रंगाची.
बाथटबमध्ये धूत बसली.
पहिली बादली, ताक.
चौथी, ताकच, जरा पातळ.
नवव्या बादलीला नखांखाली वाळू, कमरेत कळ,
आणि खालच्या मजल्यावरून नळावर टक टक.
अकराव्या बादलीत तिला आपला हात दिसला.

खडी गॅलरीत पडून होती,
टाकवत नव्हती.
जानेवारीत दाराशी बर्फ काच होऊन बसला,
टपालवाली बाई आपटली,
तेव्हा व्लास्ताने पिशवी आणली आणि उधळली
पायऱ्यांवर, फाटकापर्यंत.
निळी, लाल, पिवळी.
त्या महिन्यात इमारतीत पुन्हा कुणी पडलं नाही,
फक्त सगळ्यांच्या बुटांच्या तळव्यांत
एकेक रंगीत खडा अडकून घरोघरी गेला.

आलोइस फोनवर विचारतात,
"खडी धुतेस ना?"
"कामाला लावलीय," ती म्हणते.
"लाल थोडी फिकी झाली असेल."
"थोडी."
पुढे दोघेही हवामानाबद्दल बोलतात.

मार्चमध्ये एकाला मिशी फुटली, अर्ध्या शितभर.
तो तोंडभर वाळू घेतो, चघळतो,
कल्ल्यांतून सोडून देतो, धुरासारखी,
आणि पुन्हा घेतो.
दुसऱ्या एकाची आता येणार नाही.
मुळापर्यंत गेली होती.

पहाटे चारला, गणवेशाची बटणं लावताना,
तिला वाळूवरची सगळी घाण दिसते.
दिसली की नळी घेऊन बसते.
ट्रामला उशीर
अजून एकदाच झालाय.