पंखा

बिराजदार सरांच्या हजेरीपटात
दर सोमवारी एक गै.
लाल शाईचा, सुबक वळणाचा.
इयत्ता तिसरी, क्रमांक एकोणीस,
येमूल भार्गवी श्रीनिवास.

रेहाना नदाफची वही घामानं कडेला मऊ झालेली.
आशाताईची वही ती;
तिच्यात विडी घरकुलातले ताप, गोळ्या, लसी,
कुणाचे दिवस राहिले, कुणाचं वजन घटलं.
आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरात :
पोरगी दाराआड उभी असते.
हाक मारली की पुढं यायच्या आधी मागं बघते.

समासाची बेरीज होत नाही.
महिनाअखेरीच्या तक्त्यात समास वर जात नाही.

सिव्हिलच्या केसपेपरवर : उजवं मनगट, सूज. कारण, पडली.
पुढच्या केसपेपरवर : डावा दंड, भाजलेला. कारण, चहा सांडला.
केसपेपर दर वेळी नवा निघायचा,
त्यामुळं दर वेळी ती
आयुष्यात पहिल्यांदाच पडलेली असायची.

आणि मी. बाल संरक्षण कक्ष, दुसरा मजला.
माझ्या टेबलावर या नावाचा एक कागद नव्हता.
टेबल स्वच्छ असल्याचं
मला तेव्हा बरं वाटायचं.

रेहानानं स्वतःच्या रिचार्जवर आम्हा तिघांना फोन केले.
सकाळची शाळा सुटल्यावर या, म्हणाली,
आणि आपापलं लिहिलेलं घेऊन या.
एप्रिल. बाहेर चव्वेचाळीस.
तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो,
डॉक्टर कोळेकर नाइट करून आलेल्या,
एका बाकावर हजेरीपट, वही, केसपेपर.
तारखा वाचत गेलो मोठ्यानं,
आधी घाईत, मग हळू,
मग सर वाचता वाचता थांबले
आणि चष्मा पुसत राहिले बराच वेळ.

सोमवार कळले. मंगळवार कळले.
शनिवार कुणाकडंच नव्हता.

शनिवार नरसम्मानं आणला.
पदराच्या गाठीतून विडी कारखान्याचं कार्ड काढलं,
घडीवर फाटलेलं, तंबाखूच्या वासाचं.
किती विड्या दिल्या, किती छाट निघाली,
किती पैसे कापले.
ज्या शनिवारी छाट जास्त
त्या शनिवारच्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं
आणि तेलुगूत एक शब्द म्हणाली.
रेहानाला कळला. दीर.

कुणीतरी म्हणालं, हे तर चादरीसारखं जुळलं,
ताणा आणि बाणा.
मीच असेन.
रेहाना म्हणाली, चादर नको साहेब.
चादरीखालीच तर होतं सगळं.

त्यानंतर मुलीशी बोलायचं होतं.
सरांना तिनं एकदा सांगितलं होतं, हात दुखतो;
सरांनी तिला लेखनातून सूट दिली होती.
डॉक्टरांना आईच्या तोंडाकडं बघत म्हणाली होती, पडले.
आता मी कोरा फॉर्म घेऊन,
माझ्यानंतर समिती, समितीनंतर पोलीस,
आणि ती दर वेळी पहिल्यापासून.

नाही, असं ठरलं.
एकदाच. एका खोलीत. ज्यांनी ऐकायला हवं
त्यांनी तेव्हाच ऐकायचं.
डॉक्टर आणि मी समोर, सर खिडकीपाशी,
रेहाना तिच्या शेजारी, जमिनीवर.
नरसम्मा बाहेर, व्हरांड्यात, तिच्या मर्जीनं.

भार्गवी आली.
मागं बघितलं. दार उघडंच ठेवलं होतं.
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
काय विचारायचं ते चौघांनी मिळून लिहून काढलं होतं
आणि त्यातलं मला काहीच आठवेना.

तीच म्हणाली,
आधी पंखा बंद करा.

का गं? उकडेल.

मागासारखा वाजतोय.
घरी माग चालू असला
की कुणालाच ऐकू जात नाही.

सरांनी उठून बटण दाबलं.
पाती लगेच थांबत नाहीत;
जुना पंखा, फिरत राहतो आपल्या सवयीनं.
घाम कानामागून उतरू लागला.
कुणी हललं नाही.

पाती सुटी सुटी दिसू लागेपर्यंत
ती वर बघत होती.
मग आमच्याकडं.