भिंतीची जाडी

तेलाच्या लाइनीत सोडायचं ते यंत्र,
त्याला सगळं जग पिग म्हणतं.
आमचा फोरमन अबू मिशाल नाही म्हणत.
जीभ विटाळायची नाही त्याला. म्हणतो, पाहुणा.
पाहुणा निघाला.
पाहुणा अठ्ठावीस किलोमीटरवर अडला.
पाहुणा उद्या पहाटे पोचेल.

एकोणीस वर्षं झाली, फहाहीलमागच्या वाळवंटात
मी पाहुणे पाठवतो, उतरवून घेतो.
त्यांच्या अंगावर लोहचुंबकं असतात.
पाइपाची भिंत आतून खाल्ली गेली असेल
तर ती जागा चुंबकाला कळते.
बाहेरून रंग शाबूत.
बाहेरून उंट अंग घासून जातो, तरी हू की चू नाही.

मी इथे पोटासाठी आलो.
कुडाळात हे कुणीही कुणाबद्दलही म्हणतं,
आत काय आहे ते तपासत नाही.
सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा रक्त पडलं
तेव्हा मी बिटाला दोष दिला.
मग मसाल्याला, मग मेसमधल्या तेलाला.
मग दोष द्यायला कुणी उरलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एक नकाशा असतो.
कुठल्या पंपावरचा पोऱ्या संडासाची चावी देतो,
कुठल्या मशिदीचा रखवालदार न विचारता दार उघडतो,
आणि मधली ती सतरा किलोमीटर, जिथे काहीच नाही.
शफीउल गाडी चालवतो. त्याला एवढंच ठाऊक,
मोरजकर थांब म्हणाला की थांबायचं
आणि दुसरीकडे बघायचं.
कंपनीच्या तपासणीत मी 'त्रास नाही'वर खूण करतो.
गळक्या तुकड्याचं काय करतात
ते मीच तर लिहून देतो.

डॉक्टर बदरिया म्हणाली, लोखंडाचे कण आहेत.
केसाच्या जाडीत हजार मांडले तरी जागा उरेल.
शिरेतून सोडू. सूज असते तिथे रक्तवाहिन्या पाझरतात,
तिथे ते रेंगाळतील, चुंबकाच्या यंत्रात दिसतील.

मी म्हटलं, म्हणजे पाहुणे.
तिला कळेना. समजावून सांगताना
कितीतरी महिन्यांनी मला माझ्या पोटावरून हसू आलं.

यंत्र ठोकत होतं, पत्र्याच्या पिंपावर ठोकावं तसं.
लिझामोल काचेपलीकडून म्हणायची, सास रोको. छोडो.
आयुष्यभर मी झाकणाच्या बाहेर उभा होतो.

पडद्यावर सहा-सात मीटर, घडी घालून ठेवलेलं.
तीन जागी काळं.
मी सवयीने विचारलं, भिंत किती टक्के उरलीय?
तिने माझ्याकडे पाहिलं. टक्के नव्हते तिच्याकडे.
पुढचे कण पोटात औषध घेऊन जातील, म्हणाली,
जळजळ असेल तिथेच त्यांचं आवरण विरघळेल.
अजून प्रयोग आहे. बरे व्हाल असं लिहून देत नाही.
बारा पानं होती.
प्रत्येक पानावर मी इन्स्पेक्टरची सही केली.

आणि उतरवून कसे घेता?
नाही घेत. यकृत त्यांना फोडतं.
लोखंडच ते, हळूहळू रक्तात मुरतं.
परत येत नाहीत.

रात्री रेवतीचा फोन. रोजचंच.
"पोट बरा आसा मां?"
रोज मी म्हणतो, बरा आसा.
"थांब," म्हटलं, "आज सांगतंय."
पलीकडे मिक्सर बंद झाला.

शुक्रवारी पहाटे चारला पाहुणा पोचला.
दाब सोडला, झाकण उघडलं.
मेणाने, गाळाने काळा, वाफाळत होता.
शफीउल डिझेल आणि चिंध्या घेऊन पुढे झाला.
त्याला म्हटलं, राहू दे, मी पुसतो.
एकेका चुंबकाच्या फटीतून बोट फिरवत राहिलो
उजाडेपर्यंत.
अबू मिशालने लांबून विचारलं, काय म्हणतो पाहुणा?