सोमवार कुठं लिहिलाय

सकाळचा पेपर आमच्या गल्लीत दुपारी दोनला यायचा,
गाजूलच्या चहागाडीवर सगळ्यांचा वाचून,
बशीखाली दोन गोल डाग पडून झाल्यावर.
आणायचं काम माझं. चौथीत होतो.

ओसरीत सात बायका, मांडीवर सात सुपं,
ओल्या फडक्यात पानं, तंबाखूचा ठसका.
हात थांबला तर हजार भरत नाहीत,
म्हणून डोळे बिडीला दिलेले
आणि कान मला.

मी मराठीत वाचायचो.
आई तेलुगूत सांगायची, थोडं पदरचं घालून.
दाराशी बसलेली शमशादबी त्याचं दखनी करायची,
तोवर दौऱ्यावर आलेला मंत्री
आजारी पडून परत गेलेला असायचा.

नरसम्माला मात्र बातमी सोलून लागायची.
"कोण म्हणालं? त्यानं बघितलं का?"
सूत्रांनी सांगितलं, असं मी वाचलं
की ती दातानं धागा तोडायची :
"सूत आमच्या घरात विणतात. आमच्याकडं तर नाही आलं."
विचाराधीन म्हणजे नाही.
लवकरच म्हणजे तुझ्या लग्नानंतर.
किरकोळ जखमी, म्हणजे बघ,
कुणाचं तरी बोट गेलं असणार.

त्या दिवशी पहिल्याच पानावर मिल.
दोन महिने बंद होतीच,
आज त्याच्याआधी 'कायमची' आलं होतं.
सत्यम्मा समोर, पोरीला पायावर घेऊन,
नवरा त्याच मिलमध्ये साच्यावर.
मी घसा साफ केला
आणि वाचलं, सोमवारपासून मिल सुरू.

सात कात्र्या एकदम थांबल्या.
तसला आवाज मी परत ऐकला नाही.

"मळ्ळी चदुवू," सत्यम्मा म्हणाली. परत वाच.
परत वाचलं तर
'येत्या सोमवारी मिल चालू होणार' झालं.
छापलेली ओळ दोनदा तशीच येते,
माझी आली नाही.
नरसम्मानं मान वर केली.
रोज विचारणारी ती, त्या दिवशी काहीच विचारलं नाही.

सत्यम्मा उठून आली. "कुठं लिहिलाय सोमवार?"
मी पानं उलटली.
सोमवार होता, आत, खाली,
पाण्याच्या वेळापत्रकात :
सोमवार, पहाटे पाच ते सात, उंच भाग वगळून.
तंबाखूनं पिवळं पडलेलं तिचं बोट
धरून मी तिथं ठेवलं.
ती बघत राहिली.
"एवढासाच असतो व्हय."

रविवारी तिनं उधारीवर
नवऱ्यासाठी स्टीलचा नवा डबा घेतला.
सोमवारी भोंगा झाला नाही.
सगळ्या पेठेनं तो न झालेला ऐकला.

रात्री आई म्हणाली,
नोटीस गेटावर आदल्या दिवशीच लागलेली.
सकाळी नळावर सगळ्यांना माहीत होतं.
सत्यम्माला पण?
तिला तर सगळ्यात आधी.
मग डबा कशाला घेतला?
आईनं कूस बदलली.

आता मी पेपरातच आहे, रात्रपाळीला.
मोठ्या बातम्या मोठी माणसं बघतात,
पाण्याचं वेळापत्रक माझ्याकडं.
लोकांना ते फोनवर आधीच मिळालेलं असतं,
कुणाच्या तरी मेव्हण्याकडून, चुकीचं,
वर 'पुढे पाठवा' लिहून.

सत्यम्माला अजून तेवढा एकच शब्द वाचता येतो.
चटणीच्या पुडीवर, फाटक्या कॅलेंडरवर,
बरोबर शोधून काढते.
परवा नातीच्या फोनवरून बोलली :
"सोमवार लिहिलाय की रे.
तू लिहिलास का? बघितलास का?"

थांब म्हणालो,
पंपावर विचारून सांगतो.