शर्टाचं शेपूट

चौदा नोव्हेंबरच्या रात्री
पेट्रोल पंपावरचा पोरगा सुटे पैसे देताना विचारतो,
यंदा कुठे बसणार?
कुणी खरं सांगत नाही.

आम्ही बसतो सीडरच्या दलदलीकडेला.
आजोबांनी रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची बांधलेली खोली,
एक चूल, आठ फळ्या झोपायला,
मागे सौना. त्यात घाम गाळल्याशिवाय
लेम्पीआत्या कुणाला बंदुकीला हात लावू देत नाही.
साबण नको, हरणांना वास जातो.
लसणाचं सॉसेज मात्र चालतं तिला.

आणि भिंतीवर शर्टांची शेपटं.
नेम चुकला की शर्टाचा मागचा घोळ कापायचा,
नाव, साल, अंतर लिहून खिळा ठोकायचा.
रेइनो, १९७४, चाळीस पावलं.
शेजारचा लक्लेर, चार वेळा, चार वेगळे चौकडे.
माझंही आहे एक, निळं फ्लॅनेल,
अंतर : विचारू नये.
बाबांचं नाही.
बेचाळीस सीझन, एकही नाही.
हे ते कधी बोलून दाखवत नाहीत,
फक्त पत्ते पिसताना त्या भिंतीकडे तोंड करून बसतात.

अजूनही तसेच बसतात. भिंत दिसत नाही आता.
दोन वर्षांपूर्वी डोळ्यांवर धुकं चढलं, ते उतरलंच नाही.
यंदा परवानाही काढला नाही,
तरी पहाटे चारला नारिंगी जाकीट घालून तयार,
बुटांच्या नाड्या स्वतःच्या हातानं बांधून.

ओन्नी माझ्या भावाचा. बारा वर्षांचा. पहिलंच साल.
बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला
आणि कोण कुणाला नेतंय ते न कळता
दोघं टॅमरॅकखालून गेले.
पिवळ्या सुया रात्रभर गळत होत्या,
त्यांची पावलंसुद्धा वाजली नाहीत.

मी पलीकडच्या टेकाडावर.
मला दिसले दोन नारिंगी ठिपके. एक हलत नव्हता.
उजाडेपर्यंत दुसराही हलायचा थांबला.
लेक सुपीरियरवरचा वारा पडला होता,
इतका, की थर्मासचं झाकण फिरवायची लाज वाटावी.
आठ वाजून दहा मिनिटांनी बार झाला.
बारानंतर अजून काहीतरी ऐकू यावं लागतं,
मोडणारी फांदी, हाक.
ते आलं नाही.

मी पोचले तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसून
एकेक पान उचलत होते,
बोटांत चोळून, हुंगून, खाली ठेवत होते.
"रक्त नाही. केससुद्धा नाही.
धडधाकट गेलाय गडी."
ओन्नी स्वतःच्या बुटांकडे बघत उभा.

रात्री दाराबाहेर मेपलला
आत्याची मादी टांगलेली, पोटात काठी आडवी, थंडीला उघडी.
आत काळीज कांद्यावर परतलेलं.
सगळे जेवले. ओन्नी सोडून.
रेइनोनं कात्री आणली. नियम तो नियम.
पोरानं नव्या शर्टाच्या बटणाला हात घातला
आणि बाबांची खुर्ची मागे सरकली.

"तो थांबला होता. 'आता' मी म्हणालो.
पाऊल ऐकलं मी, आणि घाई केली."
एवढं बोलून पाठ फिरवली,
पँटीतून शर्ट ओढून बाहेर काढला.

लक्लेरला उगाच खोकला आला.
रेइनोला कात्री कुठून लावावी कळेना.
"जपून रे, आत अजून मी आहे,"
बाबा म्हणाले, तेव्हा कुठे सगळे हसले.

तसल्या शांततेत
तो 'आता' मला टेकाडावर ऐकू यायला हवा होता.
मी विचारलं नाही.

नाव लिहायला ओन्नी बसला.
वेइक्को. साल. अंतर?
"मला काय दिसतंय? तू सांग."
ओन्नी म्हणाला, साठ पावलं.
मग खोडलं. पंचवीस.
"पंचवीस! पंचवीसवर चुकलो मी?"
भिंत चाचपत त्यांनी जागा शोधली,
रेइनोच्या शेजारी,
नको, त्याच्या जरा वर.

खिळा वाकला, दुसरा घ्यावा लागला.
पोरानं मग ताटली पुढे केली.
काळजाचे दोनच काप उरले होते,
गार.