ळ कुठे बसतो

लश्करातल्या आमच्या वाचनालयात
फुकटच्या सॉफ्टवेअरनं यादी लावली
आणि 'कळप' जाऊन बसला 'कवच'च्या आधी.
फाळके मास्तर काउंटरवर टकटक करत म्हणाले,
"शरयूताई, ळ येतो ह-च्या नंतर.
हे यंत्र शाळेत गेलं नव्हतं का?"

रात्री रजई पायांवर घेऊन लिहायला बसले:
तुमचं सगळं बेकार आहे. ताबडतोब दुरुस्त करा.
ताबडतोब.
याला पगार कोण देतं, ते तेव्हा मनात आलं.
मी तरी कुठे दिलाय एक छदाम?

खोडलं. मोडक्या इंग्रजीत पुन्हा लिहिलं:
आवृत्ती कुठली, बटण कुठलं दाबलं,
काय दिसलं, काय दिसायला हवं होतं.
कलम, कवच, कसब, आणि मग कळप.
जमल्यास बघावं. तपासून मी देईन,
पुस्तकं साडेचार हजार आहेत, वेळही आहे.

तिसऱ्या दिवशी उत्तर. एस्टोनियातला कुणी तार्मो.
"हे अक्षर मला ठाऊक नाही. कसं म्हणता?
मुलीला ताप आहे, रविवारी बघतो."

ळ कसा सांगावा चिठ्ठीत?
जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची, सोडायची.
रिकाम्या वाचनालयात चारदा म्हटलं, बाळ, बाळ.
रखवालदार डोकावून गेला.

रविवार गेला. दुसराही.
मास्तर गजकचा पुडा ठेवून विचारतात, "काय झालं?"
मी कार्डं हातानं लावते आहे.

काल त्याला लिहिलं: मुलीचा ताप उतरला का?
खाली ळबद्दल एक ओळ होती.
ती काढून मग पाठवलं.