वंशावळीची वही

फुजैरात आमचं प्राणिसंग्रहालय टायरच्या दुकानामागे आहे.
शहर ते वासावरून ओळखतं.
एक तळं, त्यात एकच मगर उरलेली,
फक्त मल्याळममध्ये शिव्या देणारे पोपट,
आणि पार मागे, जिथवर तिकीटवाले सहसा पोचत नाहीत,
ताहर.

ताहर म्हणजे कड्यावरची रानबकरी.
आखूड शिंगं, रबरासारखे खूर,
जगात उरल्यात फार तर काही हजार,
आमच्याकडे सात.

मी त्यांची वही लिहितो.
क्रमांक, बाप, आई, जन्मठिकाण, बदली, मृत्यू, शेरा.
सगळं संगणकात भरून झालं
तरी संध्याकाळी वहीत उतरवतो.
दाभोळच्या शाळेत हजेरीपट लिहिणाऱ्या मामाचं
वळणदार अक्षर हाताला आलंय, त्याचं करायचं काय?

डॉक्टर अवाद विचारतात, एकोणीसला कोण चालेल?
तेवीस नको, चुलत लागतो.
बत्तीसही नको, दोघांची आजी एक.
मस्कतच्या एक्केचाळीसचं बघू.

रात्री घरून फोन.
पनवेलचं स्थळ आलंय लेकीला,
छत्तीसांतले एकोणतीस गुण, पण नाडी एक.
मी विचारतो, मुलाची आजी कुठली?
बायको म्हणते, त्या बकऱ्यांनी
तुमचं डोकंच खाल्लंय.

एक्केचाळीस आला लाकडी पेटीतून.
त्याचे कागद माझ्यापेक्षा जास्त,
रक्त मात्र दोघांचंही तपासलेलं.
शंबेने दोरी ओढली, फळी वर गेली.
पाला हुंगला नाही त्याने,
एकोणीसकडे ढुंकून पाहिलं नाही,
नुसता समोर बघत राहिला.
समोर कुंपण, टायरच्या चळती, हायवे,
आणि त्यापलीकडे डोंगर.

या डोंगरांचं नाव हजर.
पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा वाटलं,
कोणीतरी हाक मारली असेल
आणि हे एवढे सगळे हात वर करून उठले असतील.

ऑगस्टात पिल्लू झालं. क्रमांक अठ्ठावन्न.
आडोशाला बर्फाच्या लाद्या लावून शंबे
रात्रभर बसला, बलुचीत काहीबाही पुटपुटत.
त्याची स्वतःची चार पोरं तुरबतला,
जन्मली तेव्हा तो एकाच्याही वेळी तिथे नव्हता.
हे त्याने मला सांगितलं नाही.
त्याच्या रजेचे अर्जही मीच लिहितो.

तीन वर्षांनी परवानगी आली.
अठ्ठावन्न आणि आणखी दोघी,
गळ्यात पट्टे, पट्ट्यात बॅटरी,
आम्ही गेलो वादीच्या तोंडाशी.
कोरड्या नदीला इथे वादी म्हणतात,
मला अजून वाडी ऐकू येतं
आणि मी घरं शोधायला लागतो.

फाटक उघडलं.
कोणीच गेलं नाही.
साहेबांचा फोटोवाला घामाघूम झाला, साहेब गाडीत जाऊन बसले.
दोन तासांनी दोघी निघाल्या, दगडांवरून, मागे न बघता.
अठ्ठावन्न मात्र वीस पावलं जाऊन परतली
आणि बादलीत तोंड घातलं.

शंबे उठला.
लहानपणापासून ती याच बादलीत पाणी प्यायलेली.
त्याने तिच्या तोंडाखालून बादली ओढली,
पाणी वाळूत ओतलं,
आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला,
तिच्याकडे पाठ करून.

अकराव्या दिवशी अठ्ठावन्नच्या पट्ट्याचा आवाज बंद झाला.
डॉक्टर म्हणतात, बॅटरी असेल.
मधे वादीला लोंढा येऊन गेला, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

शुक्रवारी एक मुलगा बापाला विचारत होता,
रिकाम्या पिंजऱ्याचे पण पैसे घेतात का?

वर्षअखेर. वहीत तिच्यापुढे
मृत्यूचा रकाना कोरा, बदलीचाही.
शेऱ्यात ठिकाण लिहायचं असतं.
मी लिहिलं, हजर.
संगणक तेवढ्यावर ऐकत नाही,
नेमकी जागा मागतो, लाल अक्षरांत,
रोज.